नत्थूजींचा माग काही केल्या बिघडेना

नत्थूजी हेडाऊंची छत्री मागायला विणकरांच्या तांडापेठेत कोणी जात नसे. छत्री चांगली होती, हीच तर अडचण. मुलगा झाला त्या वर्षी इतवारीच्या बाजारातून घेतलेली, आणि मुलगा बावीस वर्षांचा घोडा झाला तरी कळ दाबली की खट्कन उघडणारी. पण ती परत करायला गेलं की नत्थूजी ती अंगणात उघडत, एकेक काडी बोटानं चाचपत, कापडाला नाक लावून हुंगत आणि विचारत, "ओलीच मिटवली होती काय गा?" खोटं बोलायची सोय नव्हती, त्यांना वासावरून कळायचं. त्यापेक्षा लोक भिजत जात.

घरात सगळंच तसं. कंदिलाची काच त्यांच्या लग्नातली. कुलपाला महिन्याच्या महिन्याला तेल, विळ्याला दर सोमवारी दगड, चपलेचा अंगठा सैल वाटला की तुटायची वाट न बघता टाका. ही सवय कुठून लागली म्हणाल, तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. वडील असे नव्हते, आजाही नव्हता. काही माणसं जन्मतःच डावखुरी असतात, तसे हे. "वस्तू मुकी असते," ते म्हणत. "दुखलं तरी बोलत नाई. आपनच विचारा लागते."

आणि या सगळ्या मुक्या मंडळींत पहिला मान मागाचा. माग आजाचा, सागाच्या लाकडाचा. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, खालच्या पावड्या पायानं दाबायच्या, वरची दोरी हातानं झटकायची की धोटा बाण्याचं सूत घेऊन या टोकाचा त्या टोकाला. नत्थूजींची आंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं, की जुन्या धोतराचं फडकं घेऊन ते मागाशी बसत. आधी बाणा ठोकणाऱ्या फणीवरची सुताची तूस झटकायची. मग पावड्यांच्या खिळीत जवसाच्या तेलाचा एकेक थेंब. मग धोट्याच्या टोकावर अंगठा फिरवायचा, कारण तिथं केसाएवढी कूस निघाली तरी ताण्याचे धागे तोडत जाते. एवढं झाल्यावर पहिला झटका. चाळीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता. बापाला पोचवून आले त्याच्या तिसऱ्या दिवशीही माग पुसला होता, विणला मात्र नव्हता.

अमावस्येला माग बंद ठेवायचा, हा गल्लीचा रिवाज. त्या दिवशी बाकीचे पत्ते कुटत, नाहीतर सासुरवाडीला जात. नत्थूजी खड्ड्यात उतरत. सगळ्या दोऱ्या ताणून बघत आणि जी आणखी दोन महिने सहज गेली असती ती सोडून नवी बांधत. शेजारचे बाबनराव टपलेलेच असत. टाकलेली दोरी ते उचलून नेत आणि आपल्या मागाला बांधत. बाबनरावांचा अख्खा माग नत्थूजींच्या उतरलेल्या दोऱ्यांवर उभा होता, आणि तरी नत्थूजींची सगळ्यात जास्त टिंगल करणार तेच. "आमचा माग गुलाम आहे गा," ते म्हणत. "नत्थूजीचा जावई आहे!"

पंचफुलाबाईंचीही कुरकुर असे, पण ती निराळ्या कारणानं. एकदा मागाला तेल पाजणं चाललं असताना त्या सुताच्या कांड्या भरता भरता म्हणाल्या, "लाकडाचं करकरनं बरं ऐकू येते तुमाले. माह्या गुडघा चार महिन्यांपासून करकरून राहिला, थो नाई ऐकू येत का जी?" नत्थूजींनी मान वर केली. संध्याकाळी ते वाटीत तेल कोमट करून समोर हजर. तेव्हापासून दर अमावस्येच्या कामांत एक काम वाढलं, गुडघा. पंचफुलाबाईंनी हे गल्लीत कोणाला सांगितलं नाही, लाजेनं. पण त्या दिवसापासून त्या तेलाच्या डबीबद्दल वाईट बोलेनाशा झाल्या.

मुलाचं नाव जागेश्वर. हात बापासारखाच, काठ असा बसवायचा की विणकरांच्या सोसायटीत लुगडं उलगडलं की बायका काठावरून बोट फिरवून बघत. पण घरात माग एक आणि विणणारे दोन. दोघांना एका खड्ड्यात बसता येत नाही. म्हणून जागेश्वर गोळीबार चौकात दुसऱ्याच्या मागावर बसायला जाई. तिथला माग म्हणजे देवाची करणी. चार हात विणून झाले की काहीतरी तुटायचं, मालक म्हणायचा बघू उद्या, आणि हा हात बांधून बसायचा. बावीस वर्षांच्या पोराला हात बांधून बसवणं बरं नसतं. त्यात सत्तावन साल. राजधानी मुंबईला गेली, सरकारी बाबू गेले, आणि गल्लीतला एक पोट्टा तिकडे भिलाईला पोलादाच्या कारखान्यात लागून खाकी पँट घालून होळीला आला. त्याच्या बुटांकडे अख्खी गल्ली बघत होती. त्यानं जागेश्वरला सांगितलं, भरती चालू आहे, ये.

जागेश्वरनं बापापासून काही लपवलं नाही. जेवताना सरळ बोलला. "बाबा, घरात दुसरा माग आला तर मी इथंच राहतो. नाई आला तर येत्या दसऱ्यानंतर भिलाईले जातो. दुसऱ्याच्या मोडक्या मागावर आता नाई बसत."

नत्थूजींचा घास हातातच राहिला. त्यांना हा एकच मुलगा. दोन मुली लग्न होऊन गेल्या, एक उमरेडला, एक पवनीला. पोरगा गेला तर घरात ते, पंचफुला आणि माग. पण पोराचं चुकत होतं असंही नाही. मोडक्या मागावर बसायचं नाही, हे तो कोणाकडून शिकला होता? त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "पाहू. आनू माग."

माग आणायचा म्हणजे बोलायचं काम नव्हे. पण पोळा झाला आणि सोसायटीतून बातमी आली. सरकारची योजना आहे, विणकरांना नवे माग मिळणार, फुकट. अट एकच: ज्याचा जुना माग निकामी झाला असेल त्यालाच. ज्याचा चालतो त्याला नवा कशाला? पंधरा दिवसांनी सरकारी साहेब स्वतः घरोघर येऊन माग बघणार आणि कागदावर लिहिणार.

त्याच दिवशी बाबनराव धावत आले. खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि हात चोळत म्हणाले, "नत्थूजी, लॉटरी लागली गा! साहेबानं निकामी लिवलं की नवा माग दारात. जुनं लाकूड कोनी नेत नाई. मंग तू आपला जुना पुन्यांदा उभा कर. एक तुह्या, एक जागेश्वरचा. घरात दोन माग, पोट्टा घरात. अजून काय पाह्यजे?"

"पण माह्या माग चांगला आहे," नत्थूजी म्हणाले.

"हाच तर रोग आहे ना तुले! पंधरा दिवस त्याले हात नोको लावू. पुसू नोको, तेल नोको. दोऱ्या ढिल्या कर, धोटा बदल. धूळ तर आपल्या पायानं चालत येते."

सहा घरांत काम सुरूही झालं होतं. कोणी पावड्या गटारात भिजत घातल्या, कोणी फणीचे दात उपटले. बाबनरावांना तर काहीच करावं लागलं नाही. त्यांनी फक्त नत्थूजींच्या दोऱ्या सोडल्या, माग आपोआप खाली बसला.

पंचफुलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बाबनराव गेल्यावर त्या नवऱ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अजी, जल्मात कधी काही मांगलं नाई तुमाले. पोरासाठी एवढं करा. पंधरा दिवस. नाटकच तर आहे." नत्थूजींनी मान हलवली. तेलाची डबी त्यांनी स्वतःच्या हातानं बायकोला दिली. तिनं ती तांदळाच्या कोठीत पुरली.

लुगडं मागावर अर्धं होतं, ते तसंच सोडलं. दोऱ्या सैल केल्या. चांगला धोटा फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवला आणि जागी टोक उडालेला जुना ठेवला. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर नत्थूजी फडकं घेऊन मागापर्यंत गेले, आठवण झाली आणि परत फिरले. फडकं हातात होतं, त्याचं काहीतरी करायचं म्हणून त्यांनी दाराची कडी पुसली. तिसऱ्या दिवशी खिडकीचे गज. चौथ्या दिवशी ते बाबनरावांच्या अंगणात गेले आणि त्यांच्या सायकलीची साखळी उतरवून बसले. आठवडाभरात गल्लीतले चार कंदील, दोन रहाट आणि शाळेच्या मास्तरांची टोलाची घंटा लख्ख झाली. लोक हसून हसून लोळले. "अवं पंचफुला, नवऱ्याले बांधून ठेव," समोरची म्हातारी ओरडली, "नाई तं उद्या माह्ये दात घासून देईन थो!"

हसण्यावारी नेलं तरी नत्थूजींना ते सोसवत नव्हतं. मागावर धूळ बसली. मग ताण्यावर बसली. एका कोपऱ्यात कोळ्यानं जाळं धरलं. जेवायला बसले की ते मागाकडे पाठ करून बसत. एकदा जागेश्वर कामावरून दुपारीच परतला, तर बाप कोनाड्यापाशी उभा. फडक्यातला धोटा काढून त्याच्या टोकावर अंगठा फिरवत होता. मुलाला बघताच त्यांनी तो गुंडाळून परत ठेवला आणि म्हणाले, "पाहून राहिलो होतो. किडा-गिडा लागते." जागेश्वर "हो" म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

असे पंधरा दिवस निघाले. खरंच निघाले. नत्थूजींनी मागाला बोट लावलं नाही. त्यांना ओळखणाऱ्याला विचारा, हे केवढं होतं ते.

सोळाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला साहेब आले. बरोबर सोसायटीचे अध्यक्ष गणपतराव, एक शिपाई आणि जाड कागदांचा पुठ्ठा. साहेब तरुण होता, चष्मेवाला, घामाघूम. पण नुसता कागदवाला नव्हता, कुठंतरी विणकामाचं रीतसर शिकून आलेला. गल्लीच्या तोंडाकडून एकेक घर बघत आला. प्रत्येक घरात माग मेलेला. बाबनरावांनी तर साहेबासमोर डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. साहेब चक्‌चक्‌ करत लिहीत होता. "निकामी... निकामी..."

सातवं घर नत्थूजींचं. साहेब आत आला, धूळ पाहिली, जाळं पाहिलं, लोंबणाऱ्या दोऱ्या पाहिल्या. "हाही गेला," तो म्हणाला आणि पेन्सिल कागदाला टेकवली. पंचफुलाबाईंनी चुलीजवळून हात जोडले, देवाला की साहेबाला कोण जाणे. जागेश्वर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. गणपतराव, ज्यांना सगळं ठाऊक होतं, वर आढ्याकडे बघत होते.

आणि तेवढ्यात साहेबाला काय वाटलं कोणास ठाऊक. लाकूड बघून असेल. सागाचा तो रंग, चाळीस वर्षं हात फिरलेला, धुळीखालूनही दिसत होता. त्यानं बूट काढले, खड्ड्यात पाय सोडून बसला आणि पावडी दाबली.

माग ओरडला. कर्र्रर्र.

नत्थूजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांचा माग, परक्या माणसासमोर, असा ओरडला. साहेबानं दुसरी पावडी दाबली. पुन्हा कर्र्रर्र. "थांबा जी," नत्थूजींच्या तोंडून निघालं. "जरा थांबा. असं नोका दाबू, दुखते त्याले."

मग त्यांना मुलगा दिसला नाही, बायको दिसली नाही, योजना दिसली नाही. देवघरात समई तेवत होती. त्यांनी सरळ तिच्यातलं तेल बोटावर घेतलं आणि खड्ड्यात वाकून खिळीला लावलं. चुलीजवळ परात धाड्‌कन पडली. पंचफुलाबाईंनी मुद्दाम पाडली होती. नत्थूजींना ऐकू आलं नाही. गणपतराव खोकले, पुन्हा खोकले. नत्थूजी दोऱ्या ताणत होते. एक, दोन, तीन, चार. हातांना विचारावं लागत नव्हतं. खांद्यावरच्या पंच्यानं ताण्यावरची धूळ झटकली. साहेबानं जागचा धोटा उचलला तेव्हा तर त्यांनी तो जवळजवळ हिसकावून घेतला. "हा याचा नाई जी," ते म्हणाले, "याचा हा," आणि कोनाड्यातून फडकं आणून सोडलं. "टोक पाहा. अंगठा फिरवून पाहा ना. बारा वर्षं झाली या धोट्याले. एक धागा तोडला असन तर सांगा!"

"बसा तुम्ही," साहेब उठत म्हणाला.

नत्थूजी बसले. दोरी झटकली. धोटा धावला, फणी आली, धोटा परतला. पंधरा दिवस मुका असलेला माग बोलायला लागला, आणि नत्थूजींना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की त्यांनी चार बोटं लुगडं विणलं. विणता विणता साहेबाला सांगतही होते, दोरी किती दिवसांनी बदलायची, तेल कोणतं, अमावस्येला काय काय करायचं. साहेब गुडघ्यावर बसून ऐकत होता, तोंड उघडं. शेवटी त्यानं चष्मा पुसला. "गणपतराव," तो म्हणाला, "अख्ख्या गल्लीत हा एक माग जिवंत आहे." आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: उत्तम.

पेन्सिलीचा आवाज नत्थूजींना ऐकू आला. त्यांचा हात दोरीवर थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं. जागेश्वर तिथं नव्हता.

त्या दिवशी पंचफुलाबाई बोलल्या त्या वाजवी बोलल्या. "पोरापरीस लाकूड जवळचं झालं ना तुमाले? घ्या आता, त्यालेच म्हना बाबा म्हन मले!" साहेबाची पेन्सिल चालेपर्यंत आपण काय करतो आहोत हे नत्थूजींना कळलंच नव्हतं, हे खरं. पण खरं असून सांगता येण्यासारखं नव्हतं. कोण मानणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गणपतरावांकडे गेले. "अध्यक्षसाहेब, थे कागद बदलता येते का जी?" गणपतराव कपाळाला हात लावून बसले. कागद रात्रीच्या गाडीनं वर गेले होते. मग ते आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "खरं सांगू का, नत्थूजी? सहाच्या सहा निकामी पाहून साहेबाले शंका येऊन राहिली होती. मले विचारत होता, सगळेच कसे एकदम मेले? तुमचा माग पाहिला अन् त्याची शंका फिटली. म्हने, ज्याचा चांगला आहे थो चांगला दाखवते, म्हंजे बाकीचेही खरेच असतीन. तुमच्याच्यानं सहा घराले माग आले." नत्थूजी उठून घरी आले. या बातमीचं काय करायचं ते त्यांना कळेना.

दसऱ्याच्या चार दिवस आधी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. नवे माग वाटायचे होते. वरून एक पाहुणे आले होते, आणि त्या साहेबाच्या शिफारशीवरून आणखी एक कार्यक्रम जोडला होता: मागाची उत्तम निगा राखल्याबद्दल नत्थूजी हेडाऊ यांचा सत्कार. नारळ, हार आणि चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र. आधी सहा जणांना माग दिल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या. बाबनराव चिठ्ठी घेऊन पायऱ्या उतरताना नत्थूजींकडे न बघता गेले, आणि बाबनरावांना शरम वाटलेली तांडापेठेनं तेवढी एकदाच पाहिली.

मग नत्थूजींचं नाव घेतलं. ते मंचावर चढले. हार पडला. टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले, दोन शब्द बोला, आणि कोणीतरी लाउडस्पीकरचा खरखरणारा माइक त्यांच्या तोंडापुढे सरकवला. नत्थूजी जन्मात कधी चार माणसांत बोलले नव्हते. त्यांनी दोन्ही हात जोडले. समोर तीन-चारशे लोक. शेवटच्या रांगेत जागेश्वर.

"माह्या माग मोडका आहे जी," ते म्हणाले.

मांडवातले लोक एकमेकांकडे बघू लागले.

"मोडका आहे. काहीच कामाचा नाई. साहेबानं पाहिला तवा मी... थे चुकून चालला. निकामी लिवा जी. मलेही एक नवा माग द्या. माह्या पोरगा घरी राहीन."

मग पाहुणे हसले. त्यांच्यामागं अख्खा मांडव हसला. "वा!" पाहुणे म्हणाले, "याला म्हणतात विनय! एवढा नावाजलेला माग, आणि हा माणूस त्याला मोडका म्हणतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नत्थूजी दोन्ही हात हलवून "नाई जी, नाई जी" म्हणत राहिले, तसतशा टाळ्या वाढत गेल्या. शेवटी शिपायानं त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. जन्मात पहिल्यांदा ते आपल्या मागाविषयी खोटं बोलले होते, तेही चारशे लोकांसमोर, आणि एकानंही ते मानलं नाही. पंचफुलाबाई बायकांत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडावर घेतला. घरी गेल्यावर नवऱ्याला दोन भाकरी जास्त वाढल्या.

पुढचं सांगायचं तर त्या सहा नव्या मागांतले चार तीन वर्षांत बंद पडले. एकाची तर चौरंगाला फळी झाली. नत्थूजींचा साठ सालीही चालत होता. यावरून कोणाला शहाणं करायचं म्हणून सांगत नाही. झालं तसं सांगतो. आणि नत्थूजींपाशी त्याचं कोणी कौतुक केलं तर ते उठून दुसऱ्या कामाला लागत.

जागेश्वर ठरल्याप्रमाणे दसऱ्यानंतरच्या मंगळवारी निघाला. दुपारची पॅसेंजर. पंचफुलाबाई रडून रडून डोळे सुजवून घरीच राहिल्या; नत्थूजी स्टेशनवर आले. पत्र्याची पेटी डोक्यावरून उतरवून त्यांनी बाकाखाली सारली, मग खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. "चिठ्ठी लिवजो," म्हणाले. "पानी उकळून पेजो." मग गज दोन्ही हातांनी धरले आणि एकदम म्हणाले, "जागेश्वर, माह्याच्यानं नाई झालं गा. तुह्यासाठी एवढंसं कराचं होतं, थेही नाई झालं."

जागेश्वर हसला. डोळे भरले होते, तरी हसला.

"मले मालूम होतं बाबा, तुमच्याच्यानं नाई होत म्हनून. पेटी तं मी साहेब यायच्या पंधरा दिवस पह्यलेच भरली होती."

नत्थूजी बघतच राहिले. "मंग सांगतलं काहून नाई? मी पंधरा दिवस हात बांधून बसलो!"

"थेच तं," जागेश्वर म्हणाला. "तुमी माह्यासाठी हात बांधून बसले होते. थे मले पाहाचं होतं."